फिरती आरागिरणी आणि शेतकऱ्याचे लाकूड

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांतील बागांत एका दिवसात असंख्य झाडे आडवी झाली. माड व पोफळी तर गेल्याच, पण पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले रायवळ आंबे आणि फणसही मुळांसकट उपटले गेले. फळाचे नुकसान डोळ्यांस दिसणारे होते आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. लाकडाच्या नुकसानीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. पडलेले झाड हटवावे कसे आणि त्याचा खर्च सोसावा कोणी, हाच बागायतदारापुढचा पहिला प्रश्न होता. त्या झाडाच्या खोडात फळ्या, वासे आणि चौकटी आहेत हे ठाऊक असूनही, त्या बाहेर काढण्याचे साधन जवळ नव्हते. रस्ते बंद, वीज गेलेली, शहरातील वखारीपर्यंत ओंडका नेण्यास वाहन नाही, आणि आठ-दहा दिवसांत पावसाळा दारात उभा. अशा स्थितीत उत्तम लाकूड सरपणाच्या वाटेला लागले तर शेतकऱ्यास दोष देता येत नाही.

वादळ हा अपवाद खरा. परंतु वादळ नसतानाही कोकणातील शेतकऱ्याच्या मालकीच्या झाडांचे होते ते याहून फार निराळे नसते. बांधावरचा एक आंबा, परसातला एक फणस, वरकस जमिनीत विखुरलेले ऐन आणि किंजळ, सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी, असा हा माल असतो. एकेका झाडासाठी दूरच्या गिरणीपर्यंत वाहतूक परवडत नाही, म्हणून शेतकरी उभे झाड उक्त्या दराने व्यापाऱ्यास देऊन मोकळा होतो. आंब्याची खोकी होतात, उरलेले भट्टीत जाते. झाड वाढवण्यास तीस-चाळीस वर्षे लागली. त्याचा सौदा मात्र अंगणात उभ्या उभ्या, नजरेच्या अंदाजाने, पाच मिनिटांत पुरा होतो.

या ठिकाणी लहान फिरत्या आरागिरणीचा विचार होणे अगत्याचे आहे. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. विक्रेते सांगतात की, या यंत्राने लाकडाचा कणही वाया जात नाही. जुने वखारवाले म्हणतात की, ते खेळणे आहे. दोन्ही मते तपासून घेण्यासारखी आहेत.

फिरती आरागिरणी म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर बसवलेली आणि जीपमागे किंवा ट्रॅक्टरमागे ओढून नेता येणारी करवत. मोठ्या गिरणीत करवत जागेवर फिरते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे ढकलला जातो. फिरत्या यंत्रात याच्या उलट, ओंडका आडवा स्थिर असतो आणि करवतीचे डोके रुळावरून त्याच्यावरून सरकते. त्यामुळे जागा थोडी लागते आणि पाया बांधावा लागत नाही. यांत मुख्य प्रकार तीन. अरुंद पोलादी पट्ट्याची करवत सर्वांत बारीक चिरते. फिरणाऱ्या चक्राची करवत दणकट असते, तिचे दात लावणे सोपे असते. आणि साखळी करवतीस चौकट जोडून केलेले साधन सर्वांत स्वस्त व सर्वांत हलके असून, ते दोन माणसांना खांद्यावरून डोंगरातही नेता येते. मूळ कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. खड्ड्यावर ओंडका ठेवून एक माणूस वर व एक खाली उभा राहून चिरत असे, तीही झाडाकडे चालत येणारी गिरणीच होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात करवतीच्या खड्ड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो याच धंद्यास अनुलक्षून.

आता कार्यक्षमतेकडे वळू. हा शब्द सैलपणाने वापरला की गोंधळ होतो. दर तासाला किती लाकूड चिरले, ही एक कार्यक्षमता. एका ओंडक्यातून किती उपयोगी माल उतरला, ही दुसरी. आणि झाडापासून सुताराच्या हातात फळी पडेपर्यंत एकंदर किती खर्च झाला, ही तिसरी. पहिल्या कसोटीवर फिरती गिरणी पक्क्या गिरणीच्या जवळपासही येत नाही. दिवसाचा पुष्कळसा वेळ ओंडके जमवण्यात, चढवण्यात, फिरवण्यात आणि सांगाडा समपातळीत आणण्यात जातो. करवत प्रत्यक्ष लाकडात असते ती थोडाच वेळ. तासाच्या हिशेबाने तिला खेळणे म्हणणाऱ्या वखारवाल्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने कसोटी मात्र आपल्या सोयीची निवडली आहे.

दुसरी कसोटी उताऱ्याची. करवत लाकडातून जाताना स्वतःच्या वाटेपुरते लाकूड खाते व त्याचा भुसा करते. पट्ट्याची बारीक करवत दर कापास दीड ते अडीच मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत अर्धा-पाऊण सूत, इतके लाकूड खाते. चक्री करवत पाच ते सात मिलिमीटर खाते, आणि साखळी करवत आठ ते दहा. एका ओंडक्यातून पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढताना दहा काप घेतले असे धरू. दोन मिलिमीटरच्या करवतीने वीस मिलिमीटर लाकूड भुशात जाईल, सहा मिलिमीटरच्या करवतीने साठ. फरक चाळीस मिलिमीटरचा, म्हणजे एक पुरी फळी आणि वर एक रीप. सागाच्या बाबतीत एका फळीची किंमत काय, हे सांगण्याची गरज नाही.

तथापि विक्रेता जी गोष्ट सांगत नाही ती अशी की, आपल्याकडील तालुक्याच्या गावांतील बहुतेक आरागिरण्या पट्ट्याच्या करवतीच्याच आहेत. त्यांची करवत थोडी जाड असेल, पण चक्री करवतीशी केलेली तुलना त्यांना लागू पडत नाही. भुशाची बचत हे फिरत्या गिरणीचे आपल्या भागातील मुख्य समर्थन होऊ शकत नाही. शिवाय उतारा केवळ पात्याच्या जाडीवर ठरत नाही. ओंडका सरळ आहे की वाकडा, पहिला काप कोणत्या बाजूने घेतला, कोणत्या मापाचा माल हवा आहे, आणि चालवणाऱ्याची नजर कशी आहे, यांवर तो अधिक अवलंबून असतो. बोथट पाते किंवा सैल ताण असला की करवत लाकडात वर-खाली पोहते, फळीवर लाटा उमटतात, आणि वाचवलेले दोन मिलिमीटर पुढे रंध्याखाली जातात.

उताऱ्याचे आकडे ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्यास लाकूड विकतानाही उपयोगी पडेल. आपल्याकडे गोल लाकडाचे माप घेराच्या चौथाईने करतात. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. सहा फूट घेराचा व दहा फूट लांबीचा ओंडका घेतला तर चौथाई दीड फूट, तिचा वर्ग सव्वादोन, म्हणून माप साडेबावीस घनफूट. पण त्या ओंडक्यात खरोखर सुमारे साडेअठ्ठावीस घनफूट लाकूड असते. चौथाईचे माप खऱ्या मापाच्या शेकडा ७८.५ इतकेच भरते. हे फसवणुकीचे माप आहे असे नव्हे. चिराईत कडेचे लाकूड जाणारच, त्याची सूट या रीतीत आधीच धरलेली आहे आणि सर्व व्यापार तिच्यावर चालतो. मात्र ती सूट दोनदा दिली जाऊ नये. चौथाईने मोजून झाल्यावर 'साल व तूट' म्हणून पुन्हा काही वजा केले जात असेल, तर त्याविषयी विचारणा करण्याचा शेतकऱ्यास पुरा हक्क आहे. त्याचप्रमाणे एखादा यंत्रवाला सत्तर टक्के उतारा मिळतो म्हणाला, तर ते सत्तर टक्के कोणत्या मापाचे, हे आधी विचारावे. चौथाईच्या मापावरचे सत्तर टक्के म्हणजे खऱ्या लाकडाचे पंचावन्नच टक्के होतात.

फिरत्या गिरणीची खरी बाजू तिसऱ्या कसोटीवर दिसते. वर सांगितलेला ओंडका ताजा असताना अर्ध्या टनाहून जड भरतो. ताज्या लाकडात कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक, काही जातींत त्याच्या बरोबरीने पाणी असते. हा ओंडका घाटवळणांच्या रस्त्याने वीस-तीस मैल नेला, तर भाडे पाण्याचे द्यावे लागते, भुशाचे द्यावे लागते आणि कडेच्या कापटांचेही द्यावे लागते. त्यातील भुसा व कापटे गिरणीतच राहतात, शेतकऱ्याकडे परत येत नाहीत. चिराई बागेत झाली, तर रस्त्यावर जातात त्या फक्त फळ्या, आणि त्याही वाळवून हलक्या करून नेता येतात. ज्या पाणंदीतून लाकडाचा ट्रक जात नाही, तिथून फळ्या डोक्यावरून आणता येतात. यांत ओंडका ओढून बागेची व बांधांची होणारी नासाडी वाचते ती निराळीच.

याहूनही महत्त्वाची गोष्ट मालकीची आहे. उभे झाड विकले की त्यापुढे वाढणारी सारी किंमत दुसऱ्याची होते. फळी होईपर्यंत लाकूड शेतकऱ्याचे राहिले, तर तो ते घरास वापरील, गावच्या सुतारास देईल किंवा भाव येईपर्यंत माळ्यावर ठेवील. ज्याच्याजवळ थांबण्याची सोय असते, त्याला पडेल भाव घ्यावा लागत नाही.

परंतु थांबायचे तर लाकूड टिकवता आले पाहिजे, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. साग किंवा फणसाचे गाभ्याचे लाकूड आपल्या गुणाने टिकते. आंब्याचे तसे नाही. आंब्याचा ओंडका सालीसकट पावसात पडून राहिला, तर लवकरच त्यावर निळसर डाग धरतात आणि भुंगेरे त्यास पोखरू लागतात. म्हणून आंबा तोडल्यावर शक्य तितक्या लवकर चिरावा, आणि ओल्या फळ्या लगेच बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवाव्यात. आंब्याचे लाकूड औषध सहज पिते, हा त्याचा मोठा गुण आहे. द्रावणाचे प्रमाण दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात किंवा वनविभागाकडे विचारून घ्यावे. हे औषध पावसाच्या पाण्याने धुऊन जाते, तेव्हा अशा फळ्या घरातील कामासच वापराव्यात, कुंपणास नव्हेत. त्यानंतर छपराखाली, समपातळीतील आडव्या ओंडक्यांवर फळ्यांची रास रचावी. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्यात आणि प्रत्येक थरातील पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर आली पाहिजे. ती इकडेतिकडे झाली की फळी वाकते आणि मग ती पुन्हा सरळ होत नाही. टोकांना डांबर किंवा रंग लावल्यास चिरा कमी पडतात. नीलगिरीच्या लाकडात वाढीचा ताण साठलेला असतो, ते चिरतानाच कमानीसारखे उचलले जाते. त्याचा ओंडका एकाच बाजूने कापत न जाता उलटसुलट फिरवून दोन्ही बाजूंनी कापावा लागतो.

चिराई लगेच शक्य नसेल तर काय करावे, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. २१ सप्टेंबर १९३८ रोजी तेथील न्यू इंग्लंड भागात चक्रीवादळाने अरण्येच्या अरण्ये झोपवली. तेथील शासनाने पडलेले लाकूड विकत घेतले, त्यातील पुष्कळसे तलावांत बुडवून ठेवले आणि लहान, हलवता येणाऱ्या गिरण्या लाकडाजवळ नेऊन चिराई केली. बुडालेल्या लाकडास हवा मिळत नाही, म्हणून बुरशी व कीड लागत नाही. न्यू हॅम्पशायरमधील टर्की पाँड या तलावातील ओंडके तर पुढे महायुद्धाच्या काळात, पुरुष सैन्यात गेले असताना, स्त्रियांनी गिरणी चालवून चिरले. आपल्याकडेही बांबू आणि लाकूड ओढ्यात वा तळीत बुडवून ठेवण्याची रीत जुनीच आहे. वादळानंतर गावतळ्याचा असा उपयोग करण्याचे गावाने एकत्र बसून ठरवले पाहिजे, एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे.

माडाचाही येथे विचार करावा लागतो. माडाच्या खोडाची बाहेरची बाजू कठीण आणि गाभा मऊ असतो, आंब्यासागाच्या अगदी उलट. बाहेरच्या बाजूचे वासे घरास लागतात, गाभ्याचे लाकूड भार सोसत नाही. फिलिपाईन्समध्ये माडाचे लाकूड घरबांधणीस वापरतात. परंतु त्यात सिलिका असल्यामुळे साधे पाते फार लवकर बोथट होते, त्यासाठी कार्बाइडची टोके बसवलेले दात हवेत. एका आंब्यासाठी आणलेले यंत्र त्याच पात्याने माडावर चालवू पाहणाऱ्यास निराशाच पदरी येईल.

बागेतील झाडांचा आणखी एक दोष यंत्रवाल्यांस चांगला ठाऊक असतो, तो म्हणजे खोडात रुतलेले खिळे, काटेरी तारा आणि हुक. रानातील झाडात ते नसतात. वर्षानुवर्षे कुंपणाचा खांब म्हणून वापरलेल्या झाडाने ती तार पोटात घेतलेली असते आणि बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. एका खिळ्याने पाते निकामी होते. मालकाने झाडाचा इतिहास आधीच खरा सांगावा, आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीचा भाग धातुशोधक यंत्राने तपासल्याशिवाय चिरू नये.

कायद्याच्या बाबतीत शेतकरी बंधूंनी गाफील राहू नये. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत आणि स्वतःच्या जमिनीतील असली तरी ती तोडण्यास परवानगी लागते. वाऱ्याने पडलेल्या झाडाचाही पंचनामा करून घेणे शहाणपणाचे. आरागिरण्यांवर तर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून कडक निर्बंध आले. २०१६ मध्ये केंद्र शासनाने काष्ठाधारित उद्योगांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत आरागिरणीची व्याख्या पक्क्या बांधकामातील किंवा आवारातील यंत्रसामग्री अशी केलेली आहे. तेवढ्या शब्दांवर विसंबून, फिरत्या यंत्रास परवाना नको असा अर्थ कोणी काढू नये. राज्याचे नियम निराळे असतात. यंत्र विकत घेण्यापूर्वी वनक्षेत्रपालाकडून लेखी उत्तर घ्यावे, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

निर्बंधांचे कारण उघड आहे. चालती करवत चोरट्या तोडीच्या कामी आली तर जंगलाचे फार मोठे नुकसान होईल, आणि वनखात्याची ही भीती अनाठायी नाही. परंतु भीती आहे म्हणून वाटच बंद ठेवली, तर प्रामाणिक शेतकऱ्याचे लाकूड भट्टीत जाते आणि चोराचे मात्र कोणत्या ना कोणत्या मार्गाने चिरले जातेच. योग्य मार्ग असा दिसतो की, फिरत्या यंत्रांची स्वतंत्र नोंद व्हावी, यंत्र व्यक्तीच्या नव्हे तर सहकारी सोसायटीच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावे असावे, आणि प्रत्येक ठिकाणच्या कामाची आगाऊ वर्दी वनखात्यास जावी. प्रत्येक ओंडक्याची जात, घेर, लांबी, सर्वे नंबर, परवानगीचा क्रमांक व निघालेला माल हे एका वहीत लिहिले जावे आणि ती वही कोणासही पाहता यावी. उभ्या झाडाच्या उक्त्या सौद्यात यांपैकी काहीच लिहिले जात नाही. तेव्हा नोंदणीखालील फिरती गिरणी ही आजच्या स्थितीपेक्षा जंगलास अधिक सुरक्षितच ठरेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यंत्राच्या जाहिरातीपासून नव्हे, झाडांच्या यादीपासून आरंभ करावा. चार-पाच गावांत येत्या हंगामात कोणाची किती झाडे निघणार आहेत, ती कोणत्या जातीची आहेत, त्यांच्यापर्यंत ट्रॅक्टर जातो की नाही, हे आधी लिहून काढावे. दहा ठिकाणी एकेक झाड आणि दर खेपेस सांगाडा मांडण्यात अर्धा दिवस, असा प्रकार असेल तर यंत्राचे भाडेही निघणार नाही. तेच ओंडके तीन-चार सोयीच्या जागी जमवता आले तर काम जमेल. यादी लहान निघाली, तर यंत्र घेऊ नये आणि तालुक्याच्या गिरणीशी एकत्रित दर ठरवावा. तोही शेतकऱ्याच्या फायद्याचाच मार्ग आहे.

पापुआ न्यू गिनी या देशात १९८० नंतरच्या दशकात 'वोकाबाउट सोमिल', म्हणजे चालती आरागिरणी, या नावाने लहान यंत्रे गावोगाव गेली. कल्पना उत्तम होती, रस्ते नसलेल्या त्या देशास साजेशी होती. तरीही अनेक यंत्रे सुटे भाग न मिळाल्याने, चालवणाऱ्यास पुरेसे शिक्षण नसल्याने आणि मालाला गिऱ्हाईक न जोडल्याने पडून राहिली. यंत्राची किंमत मोजताना पात्यांचा दुसरा संच, दात लावण्याचे साधन आणि ते चालवणाऱ्या दोन माणसांच्या शिक्षणाचा खर्च त्यातच धरावा. पट्ट्याचे पाते काही तासांच्या कामानंतर उतरवून धार लावावे लागते, दात आळीपाळीने डावीउजवीकडे ठराविक मापाने वाकवावे लागतात, आणि हे काम शहरात पाठवून होत नाही. ते गावातच व्हावयास हवे. यासाठी सुताराचा किंवा लोहाराचा मुलगा निवडावा. पोलादाची व लाकडाची जाण त्याच्या हातात आधीपासून असते. यंत्र चालू असताना सैल धोतर, उपरणे किंवा ओढणी जवळ येऊ देऊ नये, पाते बदलताना इंजिन पूर्ण बंद असावे, आणि भुसा काढण्यास लहान मुलांस पाठवू नये. भुसा गुरांच्या व कोंबड्यांच्या खाली अंथरण्यास चांगला. कच्चा भुसा थेट शेतात मिसळला, तर कुजताना तो जमिनीतील नत्र ओढून घेतो व पीक पिवळे पडते. आधी शेणाबरोबर खड्ड्यात कुजवून मगच तो जमिनीस द्यावा.